मोबाइल घेताना आतली 'सिस्टीम' पारखा



उसाचे बिल बँकेत जमा झाल्याची खबर आता मोबाइलवर येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी बांधावर उभे राहून मोबाइलनेच करावी लागते. साखर आयुक्तालयाने २०२२ साली ऊस नोंदीसाठी 'महा-ऊस नोंदणी' हे अ‍ॅप काढले. थोडक्यात, मोबाइल ही पोरांची चैन राहिलेली नाही, ते शेतीचे अवजार झाले आहे. अवजार आपण ठोकून-वाजवून घेतो. मोबाइल घेताना मात्र रंग, कॅमेरा आणि दुकानदाराची सूट एवढेच पाहतो. "भाऊ, अँड्रॉइड घेऊ की आयफोन?" असे पुष्कळ सभासद विचारतात. त्यांच्यासाठी हा विषय आम्ही सोप्या रीतीने मांडत आहोत.

सिस्टीम म्हणजे काय?

पडदा, बॅटरी, कॅमेरा हे मोबाइलचे अवयव झाले. त्यांच्याकडून काम करून घेणारी जी मूळ यंत्रणा आत बसवलेली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बँकेचे अ‍ॅप असो की व्हॉट्सअ‍ॅप, सगळी तिच्याच हुकमतीत चालतात. ती जुनी झाली, की फोन वरून कितीही चकचकीत असला तरी अ‍ॅप एकेक करून साथ सोडतात.

आज बाजारात प्रामुख्याने दोनच सिस्टीम आहेत. अ‍ॅपल कंपनीचा आयफोन २००७ साली आला. त्याची सिस्टीम 'आयओएस' फक्त आयफोनमध्येच असते. गूगलच्या अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली आला. सॅमसंग, विवो, शाओमी, मोटोरोला अशा अनेक कंपन्या हीच सिस्टीम वापरतात, म्हणून तिचे फोन दर किमतीत मिळतात. नोकियाचे सिंबियन, मायक्रोसॉफ्टचे विंडोज फोन, ब्लॅकबेरी ही एके काळची मोठी नावे होती. आज ती बंद पडली आहेत.

बटणाच्या फोनचेही सांगितले पाहिजे. २०१७ साली आलेल्या जिओफोनमध्ये 'कायओएस' नावाची वेगळी सिस्टीम होती. त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालत असे. जून २०२४ पासून ते नव्याने उतरवून घेणे बंद झाले आणि २०२५ च्या सुरुवातीला ते चालणेही थांबले. फोन धडधाकट होता, पण सिस्टीमने साथ सोडली. ज्यांचे काम बोलण्यापुरते आहे त्यांनी बटणाचा फोन जरूर ठेवावा. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'यूपीआय १२३पे' मुळे त्यावरून पैसेही पाठवता येतात. ई-पीक पाहणीला मात्र तो चालत नाही.

दोघांची तुलना

किंमत : साधा अँड्रॉइड आठ-नऊ हजारांच्या आसपास मिळू शकतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १६ई ची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. तोडणी-वाहतूक वजा न करतासुद्धा आयफोनपायी सुमारे १७ टन ऊस जातो, साध्या अँड्रॉइडला अडीच टन. हा हिशोब प्रत्येकाने आपल्या घरी मांडून पाहावा.

भाषा : अँड्रॉइडचा सगळा मेनू मराठीत करता येतो आणि ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. आयफोनमध्ये ती २०२५ साली आली. घरात वडीलधारे किंवा बायामाणसे फोन वापरणार असतील तर दुकानातच भाषा मराठी करून पाहावी.

सुरक्षा : अँड्रॉइडमध्ये गूगलच्या प्ले स्टोअरबाहेरचे अ‍ॅपही बसवता येते. मोकळीक आहे, पण चोराला खिंडारही तेच. पीएम किसानच्या नावाने, आरटीओच्या चलनाच्या नावाने, कधी लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपीके' नावाची फाइल येते. ती दाबून परवानगी दिली, की बँकेचे संदेश परक्याच्या हाती जातात. आयफोनवर अशी एपीके बसत नाही. म्हणून आयफोनवाल्याने निर्धास्त राहू नये. फोनवर ओटीपी सांगितला तर कोणतीही सिस्टीम पैसे वाचवू शकत नाही.

मुदत : आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा. आपण उसाचे बेणे दर तीन-चार वर्षांनी बदलतो. तेच बेणे वर्षानुवर्षे लावले तर काणी आणि गवताळ वाढ शिरते, उतारा घसरतो. सिस्टीमचेही तसेच आहे. चोर नव्या वाटा शोधतात आणि कंपनी त्या बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, पाठवते. अपडेट थांबले की फोन उघड्या वाड्यासारखा होतो. आयफोनला ती साधारण पाच-सहा वर्षे किंवा अधिक मिळते. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक फरक आहे. गूगल पिक्सेल ८ आणि सॅमसंग गॅलेक्सी एस२४ यांना सात वर्षांची हमी दिलेली आहे. २०२४ च्या मध्यम किमतीच्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षांची आहे. अगदी स्वस्त फोनांत ती दोन-तीन वर्षांत संपलेली आढळते. तेव्हा आठ हजारांचा फोन दोनदा घेण्यापेक्षा चार-पाच हजार जास्त घालून मुदतीचा घेतलेला बरा पडतो.

जुना फोन घ्यावा का?

जुना फोन म्हणजे खोडवाच. बेट निरोगी असेल तर खोडवा फायद्याचा, पण चौथा-पाचवा खोडवा कोणी शहाणा ठेवत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून जुन्या आयफोनवर उडी घेऊ नये. मे २०२५ मध्ये आयफोन ६ वरचे व्हॉट्सअ‍ॅप बंद झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही सिस्टीम २०१९ च्या आयफोन ११ ला मिळाली, २०१८ च्या एक्सआर ला मिळाली नाही. जुन्या फोनचे पक्के बिल मागावे, आणि मूळ मालकाचे खाते आपल्यासमोर काढून घ्यावे.

दुकानात विचारायचे प्रश्न

१) या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? उत्तर तोंडी न घेता कंपनीच्या संकेतस्थळावर दाखवायला सांगा.

२) सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडून अँड्रॉइडची आवृत्ती आणि शेवटच्या सुरक्षा दुरुस्तीची तारीख पाहा.

३) आपले काम ज्या सरकारी किंवा बँकेच्या अ‍ॅपवर अडते, ते या सिस्टीमवर मिळते का? आयफोन घेणाऱ्यांनी हे आधी खात्री करूनच घ्यावे.

४) दुरुस्ती केंद्र जळगावात आहे, धुळ्यात आहे, की नाशिकला धाव घ्यावी लागेल? पडदा बदलायला किती पडतात?

उन्हाचेही ध्यानात ठेवावे. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे अ‍ॅपलच सांगते, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४४ च्या वर जातो. फोन कोणताही असो, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा बंद गाडीत ठेवू नये.

आमचे मत असे, की बहुतेक सभासदांना लांब मुदतीचा, मध्यम किमतीचा अँड्रॉइड पुरेसा आहे. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला एकच फोन बरीच वर्षे वापरायचा आहे, त्याने आयफोन घ्यावा. शेजाऱ्याने घेतला म्हणून मात्र घेऊ नये. आणि एवढे करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर लाजून घरी न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेला कळवावे. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.