हौसेची गाडी घेताना

सोने, स्वतःच्या कमाईतून हौसेची गाडी घ्यायची ठरवलीस, मला फार बरं वाटलं. सेकंडहँड माझ्दा मियाटा की डॉज चॅलेंजर, एवढाच प्रश्न उरलाय ना? मग मोठ्या बहिणीचं मनमोकळं मत ऐकून घे.

चॅलेंजरची भुरळ मला कळते गं. १९७०च्या चॅलेंजरचं रूप डॉजने २००८मध्ये पुन्हा रस्त्यावर आणलं. त्याआधी मस्टँगने २००५च्या मॉडेलमध्ये आणि नंतर कॅमॅरोनेही तेच केलं. तू डेट्रॉइटजवळ राहतेस. ऑगस्टात वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्या निघतात, तेव्हा व्ही-एट इंजिनचा तो घुमणारा आवाज छातीत जाणवतो. तिथल्या कित्येक घरांनी या गाड्या बनवण्यात आयुष्य घातलंय, त्यांचं प्रेम अगदी खरं आहे. पण तू गाडी रोज चालवणार आहेस, आणि चालवताना तिचं रूप तुला दिसणार नाही. हातापायांना जाणवेल ते तिचं वजन.

व्ही-एट चॅलेंजर जवळपास १,९०० किलोची, आताची मियाटा १,०६० किलोच्या आसपास. सरळ रस्त्यावर चॅलेंजरची ३७०हून जास्त हॉर्सपॉवर मियाटाच्या १८१ला सहज मागे टाकेल. वळण आलं की मात्र सगळा भार टायर आणि ब्रेकवर येतो, आणि तिथे प्रत्येक किलो मोजावा लागतो. मियाटाचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं असतं, म्हणून स्टिअरिंग जरा फिरवलं तरी ती लगेच वळते.

शिकागोच्या प्रदर्शनात १९८९मध्ये पहिली मियाटा आली, तेव्हा तिला ११६ हॉर्सपॉवरचं १.६ लिटरचं इंजिन होतं. लोटस इलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांची मजा माझ्दाला हवी होती, त्यांची रोजची दुरुस्ती नको होती. ते इतकं जमलं की २०१६पर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या.

माझं मत मियाटाला आहे, आणि त्याचं मुख्य कारण वेगमर्यादा. चॅलेंजरचं इंजिन जागं होईपर्यंत तू मर्यादा ओलांडलेली असतेस. मियाटात साध्या गावरस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणता येतं. कुठे ब्रेक सोडायचा, कधी गिअर टाकायचा, हे ती तुला शिकवते, आणि चूक झालीच तर ती कमी वेगात होते.

आता अडचणीही ऐक. सीट दोनच. आई-बाबा पुण्याहून आले तर एअरपोर्टवरून एकालाच आणता येईल, आणि डिकीत त्यांची एक मोठी बॅगही धड मावणार नाही. चॅलेंजरला मागची सीट आहे, डिकीही ऐसपैस. म्हणून मियाटा घेतलीस तरी आत्ताची सेडान विकू नकोस. एकच गाडी ठेवायची असेल तर मात्र चॅलेंजर घे, मी मनापासून हो म्हणेन. फक्त तिच्या मागच्या जाड खांबामुळे लेन बदलताना नीट दिसतं का, ते आधी बघ. हायवेवर मियाटा मोठ्या ट्रकवाल्यांच्या नजरेत लवकर येत नाही, हेही लक्षात ठेव. दोन्हींचा जोर मागच्या चाकांवर, तेव्हा बर्फासाठी वेगळे टायर लागतीलच.

पैसे देण्याआधी गाडी मेकॅनिककडे लिफ्टवर चढव. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ पत्रा खातं. जुन्या मियाटात दाराखाली, मागच्या चाकापुढचा पत्रा हमखास गंजतो. वरून रंग चकचकीत दिसला तरी तिथे बोट लावून बघच. इन्शुरन्सचे आकडे दोन्ही गाड्यांचे आधी मागव.

आणि दोन्ही गाड्या वळणाच्या एकाच रस्त्यावर, एकाच दिवशी चालवून बघ. मग ठरव, आणि ठरवल्यावर कुणाच्या मताची पर्वा करू नकोस, माझ्यासुद्धा.