उडी मारण्याआधी घरखर्चाची सोय: आर्नोल्डकडून शिकायचा धडा



"सर, नोकरी सोडून धंद्यात उडी मारू का?" हा प्रश्न मला सतत येतो. आज उत्तर आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या उदाहरणातून बघू.

ऑस्ट्रियाचा हा पोरगा 1968 मध्ये अमेरिकेत गेला. 1970 ते 1975 सलग सहा वेळा मिस्टर ऑलिम्पिया झाला आणि स्पर्धा सोडल्या. (1980 मध्ये एकदा परत येऊन सातवाही जिंकला.) आता सिनेमा करायचा होता. पण 1970 च्या पहिल्या सिनेमात त्याचा आवाजसुद्धा दुसऱ्याचा वापरला होता! शरीर अवाढव्य, उच्चार परदेशी, नाव लांबलचक. असा माणूस हिरो कसा होणार, असं लोक म्हणायचे.

मग तो टिकला कसा?

स्पर्धा चालू असतानाच त्याने मित्र फ्रँको कोलंबूसोबत विटांच्या बांधकामाची कामं घेतली. व्यायामाची पुस्तिका पोस्टाने विकली. आलेला पैसा उडवला नाही, भाड्याने देता येतील अशा इमारतींत घातला. सिनेमात मोठं नाव होण्याआधीच तो मिलियनेअर होता.

याचा फायदा काय?

घरभाड्यासाठी मिळेल तो रोल घ्यायची गरज नव्हती. तो "नाही" म्हणू शकला. 'कोनन' 1982 मध्ये आला, 'टर्मिनेटर' 1984 मध्ये. म्हणजे 1975 नंतर सात वर्षं धीर धरला. 1988 च्या 'ट्विन्स'साठी तर आगाऊ मानधन सोडून नफ्यात वाटा घेतला. खिसा रिकामा असता तर हे जमलं असतं का?

माझी चूक

मी पॅकेजिंगचं दुकान टाकलं तेव्हा सगळी बचत मालात घातली. तिसऱ्या महिन्यात भाडं थकलं. घाईत एका मोठ्या गिऱ्हाइकाला पडत्या भावात, तेही उधारीवर माल दिला. पैसे आठ महिन्यांनी आले, ते पण अर्धेच. माणूस वाईट निघाला हे खरं, पण "नाही" म्हणायची ताकद माझ्याकडे नव्हती, हे जास्त खरं.

आजचा गृहपाठ

1. महिन्याचा घरखर्च आणि हप्ते लिहा. त्याला सहाने गुणा.
2. ही रक्कम धंद्याच्या भांडवलात धरू नका, वेगळ्या खात्यात ठेवा.
3. नोकरी चालू असतानाच एक छोटं उत्पन्न सुरू करा.

आकडा जमला की मग बिनधास्त उडी मारा!