फोटोतली वारली मुलगी

शास्त्रभाग : योहान १:४३-५१



नासरेथचे नाव ऐकताच नथनेलाने नाक मुरडले. तो कानाचा, म्हणजे गालीलातलाच. तरी त्या गावाचे चित्र त्याच्या मनात आधीच पक्के होते. फिलिप्पाने वाद घातला नाही; स्वतः येऊन बघायला सांगितले. आपण बहुतेक वेळा जात नाही, फोटो बघतो.

काही वर्षांपूर्वी डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर मी एका वारली मुलीचा फोटो काढला. विस्कटलेले केस, चिखलाने माखलेला फ्रॉक. तो आम्ही मदतीच्या पत्रकावर छापला आणि त्या वर्षी देणग्या नेहमीपेक्षा बऱ्या आल्या. पुढे ते पत्रक तिच्या आईच्या हाती पडले. "ताई, आवणीचे दिवस होते. आम्ही सगळीच चिखलातनं आलेलो. पोरीची वेणी घालीपर्यंत थांबायचं होतंस." एवढेच बोलून तिने पत्रकाची घडी केली आणि कुडात खोचली. मला उत्तर सुचले नाही.

फोटो खोटा नव्हता, हीच अडचण आहे. भात लावणाऱ्या घरातला चिखल आम्ही दारिद्र्य म्हणून दाखवला. खाचरात चाललेली बायकांची थट्टामस्करी चौकटीबाहेर राहिली.

ही खोड जुनी आहे. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा फोटोंचा ग्रंथ आठ खंडांत निघाला. त्यात माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. पुष्कळ फोटोंखाली जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. आमच्या पत्रकावर तरी काय होते? "गरीब आदिवासी मुलगी."

कपांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर छापलेला तारपा नाचही तसाच फसवतो. त्यातून वारली माणूस सदा नाचणारा वाटतो. लग्नघरी सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्यात पालघाट देवी असते, हे कप विकणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसते. (माझ्याही घरी असा एक कप आहे.)

आता आम्ही फोटो आधी आईवडिलांना दाखवतो, खालचा मजकूर वाचून दाखवतो. त्याच मुलीचा नवा फोटो तिच्या आईने निवडला: दोन वेण्या, शाळेचा गणवेश. तो पाहून एका देणगीदारांनी विचारले, "ही तर चांगली दिसते, हिला मदत कशाला?" शाळा दूर आहे, वह्यापुस्तकांचा खर्च आहे, हे मी त्यांना लिहिले. आणि पाड्यावर यायचे आमंत्रणही दिले आहे, आवणीच्या दिवसांत. अजून उत्तर आलेले नाही.