टोमणा अंधेरीचा, थप्पड बोरिवलीची

ये, बस इथे. आईसमोर मुद्दामच काही बोलले नाही. काल विरार फास्टमध्ये तू एका बाईच्या कानाखाली वाजवलीस म्हणे, तुझी मैत्रीण कौतुकाने सांगत होती. कारण काय, तर अंधेरीला ती म्हणाली, "बोरिवलीला उतरायचंय तर विरार गाडीत चढतेस कशाला?" अगं, त्या डब्यात रोज कुणी ना कुणी हे ऐकतंच. झोंबतं, कबूल. पण तू तेव्हा गप्प बसलीस आणि बोरिवली आल्यावर, उतरता उतरता दिलीस. तेच मला खुपतंय.

मीही मारलंय एकदा. लग्नाआधी, ठाण्याच्या गाडीत. एका बाईची भाजीची पिशवी सारखी गुडघ्यावर आदळत होती. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा थोबाडीत दिली. तिचा चष्मा उडाला. गर्दीत वाकता येईना, म्हणून ती चप्पल काढून पायानेच चाचपत राहिली. तोंडातून एक शब्द नाही. चष्मा मिळाला तेव्हा त्याची एक काडी लोंबत होती. आणि तेव्हा मला दिसलं, तिच्या मागून कुणीतरी भलीमोठी बॅग रेटत होतं. पुढच्या स्टेशनला मी उतरून गेले, ते माझं स्टेशन नसताना.

आता दुसरं ऐक. बसमध्ये मागचा माणूस कोपर लावत होता. मी सरकले, तोही सरकला. मोठ्याने म्हटलं, "नीट उभे राहा." तरी तेच. बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि टोचली. कळवळून बाजूला झाला. याचं मला आजवर काही वाटलेलं नाही. तो हलला, पिन परत बांगडीत.

कायदाही साधारण असंच बघतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आहे ना, तिच्यात कलमं ३४ ते ४४ बचावाची. अंगावर आलेल्याला थोपवायला लागेल तेवढाच जोर लावलास, तर तो गुन्हाच नाही. रागाचं तसं नाही. जाणूनबुजून दुखापत केली तर एक वर्षापर्यंत कैद. कुणी अचानक आणि फारच डिवचलं असेल तर एक महिन्यापर्यंत. म्हणजे शिक्षा उतरते, गुन्हा राहतोच. आणि मध्ये वेळ गेला, तर तीही सूट नाही. बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नानावटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६१ साली हेच धरलं: बायकोची कबुली आणि गोळी यांत तीनेक तास गेले, डोकं थंड व्हायला तेवढे पुरेसे होते. तुला तीन तास नव्हते, पण अंधेरी ते बोरिवली होतं की.

मात्र अंगाला हात लावणं 'किरकोळ' आहे असं कुणी शिकवायला लागलं, तर अजिबात ऐकू नकोस. १९८८ मध्ये चंदीगडच्या एका पार्टीत रूपन देओल बजाज यांना एका बड्या पोलीस अधिकाऱ्याने पार्श्वभागावर चापट मारली. हायकोर्टाने ते प्रकरण क्षुल्लक म्हणून मोडीत काढलं, पण १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा उभं केलं. तिथवर पोहोचायला त्या बाई सात वर्षं भांडल्या, तेही हात न उचलता.

असो. उद्या तीच गाडी, तोच डबा. ती दिसली तर आधी तूच बोल. तिने तोंड फिरवलं तर फिरवू दे. आणि ते चष्म्याचं आईला सांगू नकोस हं.