हिशेबाच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती चढविताना

पंढरपुरातील व्यापाऱ्याचे वर्ष चार वाऱ्यांवर चालते. त्यातही आषाढी आणि कार्तिकीच्या दिवसांत बांगड्या, प्रासादिक माल, टाळ-मृदंग, भांडी, कपडा यांची जी विक्री होते, तिच्यावर पुढचे कित्येक महिने निघतात. लाल कापडाच्या वहीची जागा आता बऱ्याच दुकानांत कॉम्प्युटरने घेतली आहे. बिले, उधारी, कारागिरांची मजुरी, भागीदारांचा वाटा हे सारे एका डेटाबेसमध्ये राहते. हा डेटाबेस चालविणारे मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल यांपैकी एखादे सॉफ्टवेअर मागे मुकाट्याने काम करीत असते. त्याची नवी आवृत्ती चढविताना काय बिघडू शकते, ते या लेखात समजून घेऊ.

लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आणण्याचे काम 'पॅकेज मॅनेजर' करतो. तो आपल्या आडत्यासारखा आहे. एक वस्तू मागितली की तिला लागणाऱ्या दहा वस्तू तो आपण होऊन आणतो, जुन्या काढतो, नव्या मांडतो. साध्या प्रोग्रामच्या बाबतीत यात धोका फारसा नाही. नवा प्रोग्राम चालला नाही तर जुना परत बसविता येतो. डेटाबेसचे तसे नाही. येथे प्रोग्रामबरोबर आपली माहितीही आहे, आणि ती एका ठरावीक घडीत लिहिलेली असते. जुन्या पेढ्यांत मोडी लिपीतल्या वह्या असतात. वही शाबूत, शाई शाबूत, पण मोडी वाचणारा मुनीम गेला की हिशेब असून नसल्यासारखा. आवृत्ती बदलली की नेमके हेच घडू शकते.

पहिला धोका : परतीची वाट बंद. मायएसक्यूएलची ८.० ही आवृत्ती २०१८ साली आली. ५.७ वरून ८.० चढविली की सर्व्हर सुरू होताच जुनी माहिती नव्या घडीत बदलली जाते. त्यानंतर ५.७ पुन्हा बसविली तरी ती ही माहिती वाचू शकत नाही. आधी काढून ठेवलेली प्रत हाच तेव्हा एकमेव मार्ग. शिवाय ८.० मध्ये 'रँक', 'ग्रुप्स' असे काही शब्द राखीव झाले आणि पासवर्ड तपासण्याची मूळ पद्धतही बदलली. त्यामुळे माहिती सुखरूप असूनही जुना बिलिंग प्रोग्राम आत शिरू शकत नाही किंवा मध्येच अडतो. उबुंटू १८.०४ मध्ये ५.७ होती आणि २०.०४ मध्ये ८.० आली. म्हणजे ज्याने फक्त उबुंटू बदलले, त्याचा डेटाबेसही न विचारता बदलला.

दुसरा धोका : माल एक, पाटी दुसरी. २००९ साली मायएसक्यूएलच्या मूळ कर्त्यांपैकी एकाने मारियाडीबी ही वेगळी शाखा काढली. जून २०१७ मध्ये आलेल्या डेबियन ९ ने मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी हीच मूळ निवड केली. दोन्ही बरेचसे सारखे आहेत, पण वर्षागणिक त्यांच्यातील अंतर वाढत गेले आहे. आपल्याकडे नेमके काय चालते हे दुकानदाराला ठाऊक असलेच पाहिजे.

तिसरा धोका : रिकामी पेटी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये १५.४ वरून १५.५ ही छोटी पायरी आहे, माहितीची घडी तीच राहते. १५ वरून १६ ही मोठी पायरी, येथे घडी बदलते. डेबियन व उबुंटूवर नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी वेगळी बसते आणि सुरुवातीला ती रिकामी असते. बिलिंग प्रोग्राम तिला जोडला गेला की 'सगळे खाते गेले' असा आकांत होतो. खरे तर माहिती जुन्या जागी असते. मात्र घाईत 'जुने नको' म्हणून जुने पॅकेज समूळ काढले आणि माहिती पुसावी काय या प्रश्नाला 'हो' म्हटले, तर ती खरोखरच जाते.

चौथा धोका : बिघडलेली अनुक्रमणिका. हा सर्वांत कपटी, कारण यात काहीच बंद पडत नाही. नावे क्रमाने लावण्याचे नियम पोस्टग्रेएसक्यूएल बहुधा लिनक्सच्या 'ग्लिबसी' या ग्रंथालयातून घेते. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची २.२८ आवृत्ती आली आणि हे नियम बरेच बदलले. डेटाबेस तोच राहिला, पण जुन्या क्रमाने रचलेली अनुक्रमणिका नव्या नियमाने वाचली जाऊ लागली. परिणाम असा की गिऱ्हाईक खात्यात असते, पण नाव शोधले तर सापडत नाही. नोकर नवे खाते उघडतो. एका माणसाची उधारी दोन ठिकाणी वाटली जाते, आणि वसुलीच्या वेळी दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही स्वतःला खरे समजतात. लिनक्स बदलल्यावर 'रीइंडेक्स' करून घेणे हा यावरचा उपाय.

म्हणून आवृत्ती कधीच बदलू नये काय? तसे नाही. मायएसक्यूएल ५.७ ची दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. पोस्टग्रेएसक्यूएलच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला सुमारे पाच वर्षेच दुरुस्ती मिळते. त्यानंतर सापडणारी भोके उघडी राहतात. बदल करावाच, पण पुढील क्रमाने.

१. आषाढी-कार्तिकीच्या आधीचे तीन आठवडे हात लावू नये. लिनक्स पुष्कळदा सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवितो आणि त्यात डेटाबेस बंद होऊन पुन्हा सुरू होतो. 'अ‍ॅप्ट-मार्क होल्ड' या आज्ञेने डेटाबेसचे पॅकेज तेवढ्यापुरते रोखता येते. वारी संपली की ते मोकळे करण्यास विसरू नये.

२. गल्ला बंद करून 'मायएसक्यूएलडंप' किंवा 'पीजीडंप'ने प्रत काढावी. चालू डेटाबेसचा फोल्डर नुसता उचलून ठेवणे ही भरवशाची प्रत नव्हे. प्रत दुकानाबाहेर, दुसऱ्या डिस्कवर असावी.

३. ती प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर, नव्या आवृत्तीत उतरवून पाहावी. एकूण खाती, एकूण येणे बाकी आणि शेवटचा बिल क्रमांक हे तीन आकडे जुळवावे. बिलिंग प्रोग्राम तेथे चालवून दहा बिले फाडून पाहावी.

४. 'हो' दाबण्यापूर्वी पॅकेज मॅनेजर दाखवितो ती यादी, विशेषतः काय काढले जाणार हे, वाचावे. सेटिंगची फाइल नवी घ्यावी काय, असे विचारल्यास फरक पाहिल्याशिवाय जुनी सोडू नये.

५. जुनी माहिती निदान महिनाभर पुसू नये.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. 'कॉम्प्युटर बिघडला' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही, भागीदारापुढेही नाही. खात्यातील प्रत्येक आकडा कुणाचा तरी हक्क आहे. मजुरीची बाकी असलेल्या कारागिराकडे दुसरी वही नसते, त्याचा हक्क आपल्याच कॉम्प्युटरवर लिहिलेला असतो. कॉम्प्युटरवाला सोलापूरहून येवो की शेजारच्या गल्लीतून, बांधवांनी त्याला आधी एकच प्रश्न विचारावा : प्रत काढली, ती उतरवून पाहिली काय? 'हो' असे उत्तर मिळून तीन आकडे समोर जुळले, तरच पुढे जाऊ द्यावे.