घड्याळ 'स्मार्ट', आपण कधी होणार?



नवी सेमिस्टर सुरू झाली की होस्टेलमध्ये दोन साथी येतात. एक डोळ्यांची आणि दुसरी खरेदीची. यंदा आमच्या मजल्यावर स्मार्टवॉचची साथ आहे. मेसच्या लाइनीत दर तिसऱ्या मनगटावर काळा चौकोन चमकतोय, आणि "घेऊ का रे?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. मलाच विचारतात, कारण हा उद्योग मी आधीच करून बसलोय. त्याची हकिकत आणि त्यातून शिकलेलं थोडंसं इंजिनिअरिंग असं दोन्ही इथे मांडतो.

गेल्या दिवाळीत इंटर्नशिपचे पहिले पैसे हातात आले. म्हटलं, अण्णांसाठी काहीतरी न्यावं. हडपसरला जाऊन अठराशे रुपयांचं स्मार्टवॉच घेतलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं : हार्ट रेट, ऑक्सिजन, ब्लड प्रेशर. अण्णांना बीपीची गोळी चालू आहे. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, आणि बीपी मोजायचं तर सहा किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागतं. मला वाटलं, एका दगडात दोन पक्षी. अण्णांनी हातातलं जुनं एचएमटी काढून कपाटात ठेवलं आणि पोराचं घड्याळ साऱ्या आळीला दाखवून आले.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा आई हळूच म्हणाली, "ह्यांनी महिनाभर गोळी बंद केलीय." अण्णांना विचारलं तर म्हणाले, "अरे, घड्याळात रोज एकशेवीस-ऐंशी दाखवतंय. मग गोळी कशाला खायची?"

तसंच त्यांना गाडीवर बसवून केंद्रात नेलं. सिस्टरनी दंडाला पट्टा बांधला. १७२/१०४. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी तेच. डॉक्टरबाई अण्णांना फारसं बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग हे आत कसं मोजतं, ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. परत येताना ते घड्याळ खिशात घालून लोणीला आणलं आणि मग बघितलं.

आत असतं काय?

वेळ दाखवणारा भाग जुनाच आहे. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे २ चा १५वा घात. पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. डिजिटलच्या पेपरात फ्लिप-फ्लॉपचा काउंटर काढतो ना, तोच हा. तेव्हा वेळेच्या बाबतीत अठराशेचं आणि अठरा हजारांचं घड्याळ यांत आपल्याला जाणवेल असा फरक नाही.

पावलं मोजतो तो ॲक्सेलरोमीटर. हाताच्या झोक्यातली लय तो पकडतो, पाय त्याला दिसत नाहीत. रोज दहा हजार पावलांचा जो आग्रह असतो, त्याचं मूळही ऐकण्यासारखं आहे. १९६५ मध्ये जपानात एक पेडोमीटर विक्रीला आला. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलं मोजणारा'. आधी जाहिरात आली, आरोग्याचा नियम मागून.

नाडी मोजतो तो मागचा हिरवा दिवा. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढतं, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. फोटोडायोड हा चढउतार मोजतो. ऑक्सिजनसाठी लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश वापरतात. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं, त्या गुणोत्तरावरून आकडा काढतात. ही कल्पना ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. २०२० च्या एप्रिलमध्ये ते वारले. कोरोनाच्या त्याच काळात जगभरची माणसं त्यांच्या शोधात बोट घालून बसली होती.

आता ब्लड प्रेशर. दंडाचा पट्टा फुगून रक्तप्रवाह थांबवतो आणि हवा सोडताना पट्ट्यातल्या दाबाची थरथर वाचतो. म्हणजे तिथे खरोखरच दाब मोजला जातो. घड्याळात दाब देणारं काहीच नाही, नुसता दिवा आहे. सॅमसंगने २०२० मध्ये घड्याळात बीपीची सोय दिली, तीही दर चार आठवड्यांनी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यायच्या अटीवर. ओमरॉनच्या घड्याळाला तर पट्ट्यातच फुगणारी पिशवी आहे. आमच्या घड्याळाला ना पिशवी, ना जुळवणी. मग १२०/८० आलं कुठून?

होस्टेलवरचे प्रयोग

रूममेटला हाताशी धरून तीन प्रयोग केले. जर्नलच्या पद्धतीने निरीक्षणं देतो.

प्रयोग पहिला, पावलं. लोणी स्टेशनच्या रस्त्याला मोजून १,००० पावलं चाललो. घड्याळात ९४६. ठीक आहे. पण हडपसरहून पीएमटीने उभ्याने आलो, तर बसमध्येच ३१० पावलं झाली. सोलापूर रोडच्या खड्ड्यांची कृपा.

प्रयोग दुसरा, नाडी. बसल्या जागी मानेवर बोट ठेवून मिनिटभर मोजली तर ७४, घड्याळात ७३. चार मजले पळत चढलो, तर हाताने १४०च्या आसपास आणि घड्याळ ११०वर अडकलेलं. अर्ध्या मिनिटाने ते मागून आलं. पट्टा सैल असला की आणखी गोंधळ. थोडक्यात, शांत बसलात तर खरं, पळालात तर सवडीने खरं.

प्रयोग तिसरा, बीपी. पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळला आणि त्यावर घड्याळ बांधलं. बाटलीचं बीपी आलं ११८/७६! रूममेट हसून गडाबडा लोळला. मग त्याला सुचलं म्हणून ॲपमध्ये वय २० चं ६० केलं. तीच बाटली, तोच टॉवेल, बीपी १३१/८४. वय पुन्हा २०, बीपी पुन्हा ११७/७६.

इथे मात्र दोघेही गप्प झालो. अनुमान उघड होतं. हे यंत्र मोजत नव्हतं. आपणच भरलेल्या वयावरून एक सभ्य आकडा काढून दाखवत होतं. आणि त्या आकड्यावर विसंबून अण्णांनी महिनाभर गोळी घेतली नव्हती.

मग घ्यायचं की नाही?

सगळीच घड्याळं अशी असतात, असं मुळीच नाही. ॲपलच्या घड्याळाला २०१८ मध्ये ईसीजीसाठी अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मिळाली. त्याच एफडीएने २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांना बजावलं, की सुई न टोचता रक्तातली साखर मोजतो म्हणणारी घड्याळं वा अंगठ्या वापरू नका, अशा एकाही उपकरणाला मान्यता नाही. तेव्हा खोक्यावर काय छापलंय ते सोडा. कुठल्या मोजमापाला कुणी मान्यता दिलीय, हे विचारा.

माझा हिशोब साधा आहे. अठराशेचं घड्याळ दीड वर्ष टिकलं तर दिवसाला सव्वातीन रुपये पडतात. कॉल कळावा, सकाळी रामदऱ्याकडे पळायला जाताना सवय लागावी, एवढ्यासाठी हवं असेल तर महाग नाही. ईएमआयवर मात्र घेऊ नका. परीक्षेसाठी तर त्याचा काही उपयोग नाही. नीट, गेटसारख्या परीक्षांना घड्याळ आत नेताच येत नाही. आणि घरच्या कुणाच्या आजारासाठी घेत असाल तर तेच पैसे दंडाच्या बीपी यंत्रावर घाला.

मी तेच केलं, जरा उशिरा. अण्णांनी कपाटातलं एचएमटी पुन्हा काढलं. एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. पण अण्णांचं घड्याळ सकाळी चावी दिली की दिवसभर चालतं, आणि वेळेशिवाय कशाचाही दावा करत नाही. बीपीचे आकडे ते एका वहीत लिहितात आणि दर रविवारी फोनवर मला वाचून दाखवतात. गेल्या रविवारी १३४/८६ होतं. गोळी चालू आहे.

ते स्मार्टवॉच अजून माझ्या खणात पडलंय. ज्यांना घ्यायचंय, त्यांनी आधी रूमवर या. बाटली आणि टॉवेल तयार आहेत.