सायकलवरून पडले ती इंग्रजीत

"डू यू हॅव अ बायसिकल?" एवढाच प्रश्न होता. हैदराबादच्या परीक्षाकेंद्रातली बंद खोली, टेबलावर रेकॉर्डर, समोर परीक्षक बाई. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, तोंडी भागाची पहिली चार-पाच मिनिटं असेच घरगुती प्रश्न असतात. घर, काम, पाऊस, सायकल. मला वाटलं, लॉटरी लागली. क्लासमध्ये सायकलवर अख्खा परिच्छेद पाठ करून घेतला होता. प्रदूषण, इंधनबचत, आरोग्य, सगळं त्यात होतं. मी तो घडाघडा सुरू केला. तिसऱ्या वाक्यालाच बाईंनी हात जरासा वर केला आणि विचारलं, लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?

आता लहानपण काही पाठ केलेलं नव्हतं. "माय फादर हॅड बॉट... सॉरी, हॅज बॉट... नो, बॉट मी अ सायकल." मग "व्हेन आय वॉज इन सेव्हन्थ" म्हटल्यावर "द सेव्हन्थ" का नुसतं "सेव्हन्थ", यावर मी मनातल्या मनात अडून बसले. पुढचा प्रश्न आला तरी मी मागच्याच वाक्याच्या चाकात अडकलेली. बोलण्यात 5.5 आले. मला 6.5 हवे होते. फी गेली, प्रवेशाचं एक सत्र गेलं.

आता गल्लीतली पोरं परीक्षेआधी घरी येतात, तेव्हा त्यांना पहिल्यांदा हीच फजिती सांगते.

बोलण्याचे गुण चार गोष्टींवर सारखे वाटलेले असतात: ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे व्याकरण चौथा हिस्सा. सातच्या बँडलाही, म्हणजे सात गुणांच्या पातळीलाही, व्याकरणाच्या काही चुका चालतात, हे निकषांत छापलेलं आहे. मी ते नापास झाल्यावर वाचलं. मी एकेक चूक दुरुस्त करायला थांबत होते आणि प्रत्येक थांब्याला ओघाचे गुण सांडत होते. पाठ केलेलं उत्तर तर लगेच ओळखू येतं, कारण पाठांतराचा सूर वेगळा आणि गडबडीचा वेगळा.

गंमत अशी, की आम्ही धर्माबादचे. तेलंगणाची हद्द हाकेच्या अंतरावर, बासरची सरस्वती शेजारी. बाजारात एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी हिंदी नांदतात. तेलुगू बोलणारा दुकानदार विचारतो, "सायकल कुठं लावला?" आपण त्याचं लिंग सुधारत बसत नाही, सायकल दाखवतो. माझं तेलुगू त्याहून मोडकं, पण ते बोलताना मी कधी अडले नाही. इंग्रजी आलं की मात्र जिभेवर मास्तर येऊन बसतो.

म्हणून व्याकरण सोडायचं का? मुळीच नाही. फक्त ते परीक्षेच्या खोलीत दुरुस्त होत नाही, घरी होतं. मी मोबाइलवर माझं दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि जसंच्या तसं वहीत उतरवलं. ते वाचताना कानशिलं तापली. पण चुका पन्नास नव्हत्या. चार-पाचच होत्या, पुन्हा पुन्हा आलेल्या, आणि बहुतेक सगळ्या मराठीतून आलेल्या.

सगळ्यात मोठी ही "होती". आपण सहज म्हणतो, "मी सातवीत असताना बाबांनी सायकल घेतली होती." हे इंग्रजीत नेलं की "हॅड बॉट" होतं. तिथं साधा भूतकाळ पुरतो: "माय फादर बॉट मी अ सायकल." "हॅड" तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधीची गोष्ट सांगायची असते. दुसरं, "बाबांनी सायकल आणली" म्हणताना तोंडात "ब्रॉट" येतं; विकत घेतली तर "बॉट". तिसरं, "चार वर्षांपासून". या "पासून"नं आपण सगळे "सिन्स"कडे ओढले जातो. काळाची लांबी असेल तर "फॉर फोर इयर्स", सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर "सिन्स". मोटार आणि सायकल दोन्ही आपण "चालवतो", म्हणून "ड्राइव्ह अ सायकल" येतं. सायकलला "राइड". आणि "डबलशीट" आपल्याकडेच ठेवा; भावानं मागं बसवून नेलं, एवढं सांगितलं की पुरे. एक मात्र आयतं मिळतं: "मी सायकल चालवायचे" हे थेट "आय यूज्ड टू राइड" होतं. तिथं घाबरू नका.

एका दिवशी एकच चूक धरायची. आज फक्त "हॅड" ऐकायचं, बाकी माफ. पाचही एकदम धरायला गेलं की तोंडच उघडत नाही; मी करून पाहिलंय. परीक्षेत चूक तोंडातून निघता निघता लक्षात आली तर तेवढा शब्द बदला, नाहीतर जाऊ द्या.

आणि उत्तर आपल्या सायकलचं द्या. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर कायम मिरचीचं पोतं असायचं. मी मागं बसले की शिंका, डोळ्यांत पाणी, आणि शाळेत पोचेपर्यंत दप्तरालाही ठसका. हे मोडक्या इंग्रजीत सांगितलं असतं तर बाई हसल्या असत्या आणि पुढं विचारलं असतं. मी त्यांना कार्बन उत्सर्जन ऐकवत होते. माझ्या पाठोपाठच्या एका मुलीनं सरकारी योजनेतून मिळालेल्या सायकलीवर उत्तर बसवलं: रोज शाळा, वाटेत पडलेली चेन, काळे झालेले हात. सायकल नसेल तर "नाही" म्हणा आणि का नाही ते दोन वाक्यांत सांगा. नाही म्हटल्यानं गुण जात नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी सायकलची तयारी करून गेले आणि सायकल विचारलीच नाही. विचारलं, पाऊस आवडतो का. मी म्हटलं, उन्हाळ्यात आवडत नाही, कारण अंगणात मिरची वाळत पडलेली असते. आणि एका रात्रीची अवकाळीची धावपळ सांगायला लागले. मध्येच एक "सिन्स" चुकलं. मला कळलंही. पण तोवर आम्ही सगळे ताडपत्री ओढत होतो.